लांब कानांची वीरगळ

दगडावर माझ्या थोरल्या भावाच्या दोन्ही अंगांना दोन अप्सरा कोरायच्या ठरल्या, आणि आमच्या वहिनींनी जेवण सोडलं.

सोडलं म्हणजे आमच्यासमोरचं सोडलं. मागं चुलीपाशी त्या भाकरी खात असाव्यात, कारण टोपली रिकामी व्हायची. पण आमच्याबरोबर पानावर बसायच्या नाहीत. आई म्हणायची, "अगं, दगडाच्या बाया त्या! त्यांचं काय एवढं मनाला लावून घेतीस?"

"दगडाच्या असल्या तरी बायाच हायेत नव्हं?" वहिनी म्हणायच्या. "आन् एक न्हाई, दोन दोन."

लढाईत गेलेल्या भावाविषयी लिहायला बसलं की मला आधी हसू येतं. याची लाज वाटायची, अजूनही थोडी वाटते. मी मुळात बोलणारा माणूस नाही. जवळच्या लष्करी डेपोत कारकून आहे. दिवसभर दुसऱ्यांनी सांगितलेलं लिहून घ्यायचं आणि घरी येऊन गप्प बसायचं, असा माझा जन्म चाललाय. दादाच्या बाबतीतली एक गोष्ट तर मी कित्येक वर्षं दाताखाली धरून ठेवली होती. ती ज्या चैत्रात तोंडातून सुटली, तो चैत्र आमच्या घरातला सगळ्यांत आनंदाचा गेला. ती गोष्ट सुटली म्हणून आनंद झाला, असं मात्र म्हणता येणार नाही. ती सुटली, आणि तरीही आनंद झाला.

आमचं गाव ताथवड्याकडून मारुंजीला जाणाऱ्या गाडीवाटेवर. वेशीबाहेर मारुतीच्या देवळामागं जुन्या वीरगळी ओळीनं उभ्या आहेत. लढाईत पडलेल्या माणसांचे हे दगड. कुठली लढाई, कुठला राजा, कुणाला ठाऊक नाही. पण प्रत्येक दगडावर तेच तीन मजले. खाली वीर घोड्यावर बसून तलवार चालवतोय. मधल्या मजल्यावर दोन अप्सरा त्याला दंडाला धरून वर नेतायत. सगळ्यांत वर तो पिंडीसमोर हात जोडून बसलाय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. पोरं त्यावर बसून चिंचा खातात, सणाला बाया तेल लावतात.

मोठ्या लढाईत आमच्या गावची बरीच पोरं गेली होती. तिघं परत आली नाहीत. त्यातला एक आमचा दादा, तो ब्रह्मदेशात राहिला. स्वराज्य आलं, पिंपरीकडं कारखान्याच्या चिमण्या उभ्या राहायला लागल्या, आणि एक दिवस पाटलांच्या मनात आलं की ज्यांची नावं ठाऊक नाहीत त्यांना दगड आहेत, आणि आपल्या पोरांना काहीच नाही. सगळ्या गावानं मान डोलावली. चाकणच्या बाजूचा एक पाथरवट आणला, देवळामागच्या चिंचेखाली त्याला बसवलं, आणि जत्रेच्या दिवशी तिन्ही वीरगळी उभ्या करायच्या असं ठरलं. तिन्ही एकसारख्या, जुन्यांसारख्या. पहिल्या दोन झाल्या तोवर कुणाची काही तक्रार नव्हती. तिसरी आमची.

वहिनींना एकच हवं होतं. दगडाकडं बघून 'हे तेच' असं म्हणता यावं. दादाची ना माती झाली आमच्या हातून, ना अस्थी आल्या. तार आली, आईनं वहिनींचं कुंकू पुसलं, एवढंच. त्याचा एक फोटो होता, वर्दीतला. तो एका पावसाळ्यात काचेला असा चिकटला की काढताना तोंड काचेवर राहिलं आणि वर्दी हातात आली. तेव्हापासून वहिनी म्हणायच्या, माझ्याजवळ नवऱ्याची बटणं तेवढी हायेत.

त्यामुळं आमचा दगड सुरू झाला तशा त्या रोज सूप घेऊन चिंचेखाली जाऊन बसायला लागल्या. तांदूळ निवडायचे आणि पाथरवटाच्या हाताकडं बघायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "ह्ये काय?"

"घोडा," पाथरवट म्हणाला. तो म्हातारा, शांत, तंबाखूचा माणूस. घोड्याची मान, शेपूट, डोक्यावरचा तुरा, सगळं त्यानं काढून ठेवलं होतं.

"घोडा कशाला? त्यांना घोड्याचं भ्या वाटायचं. त्ये खेचरावर व्हते."

हे खरं होतं. दादा डोंगरात खेचरांवरून दारूगोळा आणि शिधा पोचवणाऱ्या तुकडीत होता. एकदाच रजेवर आला तेव्हा लढाईचं अक्षर बोलला नाही, पंधरवडाभर खेचरांविषयीच सांगत राहिला. त्यातलं एक खेचर तर वहिनींच्या वळणाचं आहे म्हणाला. मनात आलं तर डोंगर चढेल, नाही आलं तर जंगी लाटसाहेब आला तरी हलणार नाही. वहिनींनी ते कौतुक म्हणून घेतलं होतं आणि गावभर सांगितलं होतं.

"वैनी," पाथरवट म्हणाला, "खेचराचे कान लांब. दगडातनं काढता येतं, दगडाला चिकटवता येत न्हाई. आता कान कुठनं आणू?"

"त्ये तुमी बघा. मी बसलीया."

तो दुपारभर तंबाखू चघळत घोड्याकडं बघत राहिला. मग त्यानं घोड्याच्या डोक्यावरचा तुरा मधोमध चिरला. त्या डौलदार तुऱ्याचे दोन कान झाले, आणि असे लांब झाले की सशानं मान खाली घालावी. वहिनी टाळी वाजवून म्हणाल्या, "असंच! पावसात ह्यांच्याखाली हुभं ऱ्हाता येतं, म्हणायचे."

"आन् वर स्वार?"

"खेचरावर बसत न्हाईत. बाजूनं चालत्यात. वर वझं असतं."

तेव्हा स्वारासाठी पाठीवर ठेवलेल्या दगडाच्या दोन गोण्या झाल्या, आणि ज्या जागी शत्रू यायचा होता तिथं दादाला दोरी धरून उभं करायचं ठरलं. ही बातमी पाटलांच्या कानावर गेली. ते धोतराचा सोगा हातात धरून तणतणत आले.

"घोडा न्हाई, तलवार न्हाई. आन् शत्रू? शत्रू कुठाय?"

"तिकडं शत्रू झाडाआड असत्यात," वहिनी म्हणाल्या. "दिसत न्हाईत."

पाटलांनी दगडाकडं बघितलं, झाडाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी डेपोत काम करतो म्हणून लढाईचं मला कळतं असा गावाचा समज. मी म्हटलं, "तिकडं तसंच असतं म्हणतात." पाटील पुढच्या मजल्यावर गेले. मधल्या मजल्यावर अप्सरांच्या नुसत्या आकृती खुणावून ठेवल्या होत्या, आणि खरं भांडण तिथंच अडलं होतं.

"ह्या कोण?" वहिनींनी त्यांनाही विचारलं.

"अप्सरा. वीराला सोर्गात न्यायला येत्यात."

"कुणाच्या वळखीच्या?"

पाटील म्हणाले, "अगं, वळख कसली! कुणीतरी न्यायला तर पायजे का न्हाई?"

"मी नेते," वहिनी म्हणाल्या. "एका अंगानं मी धरते. दुसऱ्या अंगानं आत्याबाई."

आत्याबाई म्हणजे आमची आई. ती पलीकडं बसून चिंचेची बोटं सोलत होती. तिनं मान वर करून एवढंच म्हटलं, "मला नथ घालू नगा. जड व्हती."

माणसं हसली, पण पाटील हसले नाहीत. खालच्या आवाजात म्हणाले, "सूनबाई, दगडावर काढायची म्हंजी नथ, कुंकू, सगळं काढावं लागंल. तुला त्ये..." वहिनींनी सूप खाली ठेवलं.

"दगडावर मी रांडमुंड कशी हुईन, पाटील? तिथं त्ये हायेत की. मीच धरलंय त्यांना."

पाटलांनी बराच वेळ पागोटं सारखं केलं. मग पाथरवटाला म्हणाले, "काढ बाबा. नथ बी काढ." आणि निघून गेले. त्या संध्याकाळी वहिनी आमच्याबरोबर पानावर बसल्या आणि चार भाकरी खाल्ल्या. त्या चार दिसल्या, एरवीच्या दिसत नव्हत्या, एवढाच फरक.

मग तोंडाचा प्रश्न आला. फोटो नाही, आणि सांगून तोंड कोरता येत नाही. आई म्हणाली, दोघं भाऊ एका साच्यातले, धाकट्याला उभा करा. मला चिंचेखाली उभं केलं. डोक्याला फेटा, अंगात डेपोतल्या कुणाचा तरी खाकी सदरा, हातात आमच्या बैलाची दोरी, आणि दोरीला प्रत्यक्ष आमचा बैल, कारण पाथरवटाला दोरीचा ताण बघायचा होता. पोरं, बाया, देवळातले म्हातारे, सगळे जमले. बैल मधूनच माझा फेटा हुंगायचा. सगळी जत्राच ती. मला मजा वाटत होती, हे कबूल करतो. दादाच्या जागी उभं राहून मला मजा वाटत होती.

"छाती काढा की मालक," पाथरवट म्हणाला. "शिपाई हाय तुमी. फुगवा."

मी होतो तसाच उभा राहिलो.

"फुगवा म्हणतो ना!"

आणि मी बोललो. का, ते आजही नीट सांगता येत नाही. हातात दोरी, मागं बैल, समोर अर्धं गाव, आणि मी बोलायला लागलो.

भरतीला जायची कल्पना माझी होती. वर्दी, बूट, पगार, जग बघायला मिळेल, हे सगळं मीच दादाच्या डोक्यात घातलं. त्याला शेत आवडायचं. तो निव्वळ मला एकट्याला सोडायचं नाही म्हणून आला. भरतीच्या मैदानावर उघड्या अंगानं रांगेत उभं केलं. एक माणूस फीत घेऊन छाती मोजायचा. आधी साधी, मग फुगवून. फुगवल्यावर जेवढी वाढायला हवी तेवढी वाढली नाही तर बाहेर. दादा माझ्यापुढं होता. त्यानं श्वास भरला, फीत ताणली गेली, तो पास झाला आणि मागं वळून माझ्याकडं बघून हसला. माझी पाळी आली. फीत अंगाला लागली, गार होती, आणि मला एकाएकी कळलं की ही खरंच लढाई आहे.

माणूस म्हणाला, "फुगवा."

मी श्वास न भरताच म्हणालो, "फुगवलीय."

तो म्हणाला, "ही?"

मी म्हणालो, "एवढीच होते."

मला बाहेर काढलं. दादाला माघार घेता आली नाही. घरी येऊन मी आईला सांगितलं, माझी छाती कमी भरली. तेवढं खरं होतं. बाकीचं मी गिळलं.

हे सगळं मी त्या दिवशी चिंचेखाली सांगितलं. वहिनींच्या हातातलं सूप थांबलं होतं. त्या उठल्या, सूप काखेत मारलं आणि घरी गेल्या.

त्यानंतर त्यांनी मला दोन्ही वेळचं जेवायला वाढलं, पाणी दिलं, पण मला 'भावजी' म्हणाल्या नाहीत. नुसतं ताट पुढं सरकवायच्या. आई माझ्याकडं बघायची आणि दुसरीकडं बघायची. जत्रा तोंडावर आली होती आणि आमच्या दगडावरचा माणूस अजून बिनतोंडाचा होता.

एका सकाळी मी डेपोत निघालो होतो तर वहिनी वाटेत उभ्या. म्हणाल्या, "चला." मी त्यांच्या मागून चिंचेखाली गेलो. आई आधीच येऊन बसली होती.

वहिनी माझ्याकडं बोट करून पाथरवटाला म्हणाल्या, "ह्यांचं तोंड नगं त्यांना."

"बरं."

"पर ह्यांना बी दगडावर घ्या."

पाथरवटानं तंबाखू थुंकली. "वैनी, जित्या माणसाला वीरगळीवर घेत न्हाईत."

"घ्या. त्या वक्ताला भरती ऱ्हायली ती आता करा."

"कुठं घेऊ?"

"खेचराच्या मागं. ढकलायला." मग जरा थांबून म्हणाल्या, "आन् छाती फुगवू नगा ह्यांची."

म्हातारा पाथरवट खोकायला लागला. मला वाटलं तंबाखू अडकली. तो हसत होता. आईनं तोंडाला पदर लावला. वहिनी माझ्याकडं वळल्या. त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं. "भावजी, मला राग हाय तुमचा. त्यो ऱ्हाईल. पर जत्रेला त्ये बिनतोंडाचे हुभे ऱ्हायचे न्हाईत. हसा."

"आं?"

"त्ये कायम हसायचे. तोंड मी सांगीन, नाक त्यांचं आत्याबाईंचं हाय, त्ये समोर बसलंय. हसू तेवढं कुणाकडं न्हाई. त्ये तुमच्याकडं हाय, घराण्याचं. हसा."

पाथरवट म्हणाला, "वीर हसत न्हाई, वैनी. मी एवढे दगड केले, एक बी हसला न्हाई."

"ह्यो हसंल."

पण मला हसता येईना. मी ओठ ताणले, दात दाखवले. पाथरवट म्हणाला, दाढ दुखतीया असं दिसतंय. आईनं शेजारच्याची नक्कल केली, पोरांनी वेडीवाकडी तोंडं केली, काही नाही. मग वहिनी उठल्या. पदर खोचला. पोटाशी हात घेतले, खांदे पाडले, छाती आत ओढली, इतकी की त्या एवढ्याशा झाल्या, आणि माझ्याच आवाजात, बारीक, रडकुंडीला आल्यासारखं म्हणाल्या, "फुगवलीय!"

मग दुसऱ्या बाजूला उडी मारून, मिश्यांना पीळ देत, "ही?"

परत इकडं येऊन, "एवढीच हुती, सायब!"

मी तसा कधी हसलो नव्हतो आणि पुन्हा हसेन असं वाटत नाही. खाली बसलो. आई चिंचेला धरून हसत होती. वहिनी अजून तशाच, छाती आत घेऊन, इकडून तिकडं उड्या मारत होत्या, आणि मध्येच त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबल्या नाहीत. "फुगवलीय! ही? एवढीच हुती!" म्हातारा ओरडत होता, "हलू नका मालक! डोळे मिटा तसेच! मान मागं! अस्संच!" आणि हातात कोळसा घेऊन दगडावर भराभरा रेघा मारत होता.

जत्रेच्या दिवशी तिन्ही वीरगळी उभ्या राहिल्या. हलगी, सनई, गुलाल, सगळं. पहिल्या दोन्हींवर घोडा, तलवार, अप्सरा. तिसरीवर लांब कानांचं खेचर, त्याच्या मागं एक सपाट छातीचा माणूस, आणि पुढं दोरी धरून डोळे मिटून हसणारा शिपाई. वर त्याला दंडाला धरून नेणाऱ्या दोन बाया, एकीला नथ आहे, एकीला नाही. गाव आधी गोंधळलं. मग कुणीतरी खेचराच्या कानांकडं बोट दाखवलं आणि हसायला लागलं, मग सगळेच. एकजण मला म्हणाला, "राव, तुम्ही तर जिवंतपणी वीर झाला!" मी म्हटलं, मी मागचा. ढकलणारा.

सगळ्यांत पुढं दुसऱ्या दगडाच्या घरची म्हातारी आली. तिचा मुलगा पलटणीच्या भटारखान्यात होता. ती पाथरवटाचा हात धरून म्हणाली, "बाबा, माझ्या लेकाच्या हातात बी तलवार नगं रं. त्यानं जल्मात तलवार धरली न्हाई. झारा कर तिचा." पाटलांनी कपाळाला हात लावला. पाथरवट तलवारीजवळ गेला, पात्यावरनं अंगठा फिरवला आणि म्हणाला, "व्हईल. दांडा बारीक केला, टोक ठेवलं, की झारा." म्हातारी तिथंच गुलालात बसली आणि लेकाला भजी किती खरपूस जमायची ते येईल-जाईल त्याला सांगायला लागली.

वहिनी अजून आल्या नव्हत्या. त्या बायांच्या घोळक्यात मागं राहिल्या होत्या. तोंड सांगून झाल्यावर त्या चिंचेखाली फिरकल्या नव्हत्या; पुरा झालेला दगड पाथरवटानं गोणपाटाखाली ठेवला होता, आणि त्यांनी तो उघडून बघितला नव्हता. आईनं त्यांचा हात धरून पुढं आणलं. मी खेचराच्या बाजूला उभा होतो, दगडावरही मीच आणि दगडाबाहेरही मीच. दगडावरचा तो दादा वाटलाच नाही, तर? त्यांनी बघून मान हलवली, तर?

वहिनींनी आधी आपल्या नथीकडं बघितलं. मग खाली. बघत राहिल्या. हलगी वाजत होती, पोरं ओरडत होती. मग त्यांनी झटकन पदर डोक्यावरून पुढं ओढला, चारचौघांत नवरा समोर आला की बाया ओढतात तसा, आणि दगडाकडं जरा झुकून, दटावून, पण आम्हाला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाल्या,

"आवो, पुरं की आता! मान्सं बघत्यात."